वर्म लॅबसाठी घेतलेला स्टीरिओ झूम मायक्रोस्कोप (७ ते ४५ पट): झूम नंतर, आधी बेस बघा

घाईत असाल तर एवढंच वाचा. लेन्स छान, स्टँड दणकट, किंमत कॉलेजच्या लॅबला झेपणारी, पण सोबत येणारा हॅलोजनचा बेस (ज्यावर प्लेट ठेवतात तो खालचा दिव्याचा भाग) वर्मच्या, म्हणजे सी. एलिगन्स या गोलकृमीच्या कामाला, आणि त्यातही पार्किन्सन, अल्झायमरच्या मॉडेल्सच्या, म्हणजे हे आजार वर्ममध्ये उभे करून बघायच्या कामाला अजिबात घेऊ नका. बेस बदलून घेतला तर ५ पैकी साडेचार, आहे तसा घेतला तर अडीच.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण हाच साचा बाजारात वेगवेगळ्या स्टिकरने मिळतो, आम्ही पेठेतल्या एका डीलरकडून घेतला, बिल पन्नास हजारांच्या आतबाहेर झालं, जीएसटी आणि कॅमेरा वेगळा. आमची लॅब म्हणजे पुण्यातल्या एका कॉलेजच्या बायोटेक डिपार्टमेंटमधली एक लांबट खोली, एक बीओडी इन्क्युबेटर (तापमान स्थिर ठेवणारं कपाट), एक जुना ऑटोक्लेव्ह आणि एमएस्सीची प्रोजेक्टवाली मुलं. काम सी. एलिगन्सवर, म्हणजे मातीत राहणारा तो एक मिलिमीटरचा पारदर्शक गोलकृमी, लॅबमध्ये आम्ही सगळे नुसतं वर्म म्हणतो.

आता मायक्रोस्कोपच्या रिव्ह्यूत आजार कुठून आले असं वाटेल, पण ते सांगितल्याशिवाय या मशीनचं काय चांगलं काय वाईट ते कळणारच नाही, म्हणून जरा थांबा. माणसाच्या मेंदूत पार्किन्सन सुरू होतो तेव्हा नेमकं पेशीत काय बिघडतं हे जिवंत माणसात बघता येत नाही. वर्ममध्ये बघता येतं. अख्ख्या उभयलिंगी वर्ममध्ये न्यूरॉन ३०२, प्रत्येकाला नाव आहे, आणि कोण कोणाला जोडलंय त्याचा नकाशा १९८६ साली छापून आला. त्यातले डोपामिन बनवणारे फक्त आठ, चार सीइपी, दोन एडीई, दोन पीडीई. पार्किन्सनमध्ये आपल्याकडे मुख्यतः डोपामिनवाले न्यूरॉन मरतात, तर या आठांमध्ये जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) चमकवून, ६-हायड्रॉक्सीडोपामिन (डोपामिनवाल्या न्यूरॉनना मारणारं विष) देऊन, कुठला न्यूरॉन आक्रसला, कुठल्याची तार तुटली हे जिवंत प्राण्यात एकेक करून मोजता येतं, हे २००२ मध्येच करून दाखवलेलं आहे. प्राणी तीनेक दिवसांत अंड्यातून मोठा होतो, दोन-तीन आठवडे जगतो, म्हणजे म्हातारपणाचा आजार एका सेमिस्टरमध्ये अनेकदा बघून होतो. उंदीर पाळायला आमच्याकडे ना जागा ना परवानगी ना पैसा. वर्मला लागतं काय, तर अगारची प्लेट आणि त्यावर ओपी५० नावाचे ई. कोलाय.

तर मशीन. डोळ्याची भिंगं (आयपीस) दहा पट, खाली झूम ०.७ ते ४.५, म्हणून ७ ते ४५ पट. पहिल्याच दिवशी मुलं म्हणाली मॅडम हे तर कमी आहे, दुसऱ्या कंपनीचा ९० पटवाला घेऊया ना. हा जो आकडा आहे ना, ९० किंवा १८०, तो बहुतेक वेळा खाली २ पटीची जादा भिंग लावून किंवा वर २० पटीचे आयपीस बसवून आलेला असतो. २० पटीच्या आयपीसने फक्त आकार वाढतो, तपशील वाढत नाही. आणि २ पटीचं भिंग लावलं की लेन्सपासून प्लेटपर्यंतचं अंतर १०० मिलिमीटरवरून ३० च्या आसपास येतं, मग तुम्ही वर्म उचलणार कसा? आमचं अर्धं काम म्हणजे काचेच्या नळीत बसवलेली प्लॅटिनमची तार, टोक चपटं केलेलं, ती स्पिरिट लॅम्पवर लाल करायची, थंड करायची, टोकाला थोडे बॅक्टेरिया चिकटवायचे आणि एकेक वर्म अलगद उचलून दुसऱ्या प्लेटवर ठेवायचा. त्याला हात घालायला जागा लागते. १०० मिलिमीटर ही या मॉडेलची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, आणि कॅटलॉगमध्ये ती सगळ्यात खालच्या ओळीत बारीक अक्षरात छापलेली असते.

७ पटीवर जवळजवळ २८ मिलिमीटरचं वर्तुळ दिसतं, म्हणजे ६० मिलिमीटरच्या प्लेटचा निम्मा व्यास एका नजरेत. ४५ पटीवर तेच साडेचार मिलिमीटर. झूम फिरवताना फोकस हलत नाही, हे मी मुद्दाम तपासलं, दोन्ही आयपीसचं डायॉप्टर (डोळ्याचा नंबर जुळवायची रिंग) नीट लावून वरपासून खालपर्यंत फिरवलं तरी वर्म स्पष्ट राहतो. स्वस्त मशीनमध्ये इथेच रड असते. चष्मा लावूनही पूर्ण वर्तुळ दिसतं, माझ्यासाठी हे फार महत्त्वाचं. फोकसच्या चाकाची घट्टपणाची रिंग आहे, ती सुरुवातीलाच आवळून घ्या नाहीतर कॅमेरा वर लावला की डोकं हळूहळू खाली घसरतं.

आता बेस, आणि इथे मला खरंच कळकळीने लिहायचंय. सोबत येतो तो बेस म्हणजे पत्र्याची पेटी, आत १२ व्होल्टचा छोटा हॅलोजन, वर दुधी काच. डीलरने दुकानात नाण्यावर आणि झाडाच्या पानावर डेमो दिला, त्यावर सगळंच छान दिसतं. पण वर्म पारदर्शक असतो. दुधी काचेतून सगळीकडून सारखा पसरलेला प्रकाश आला की पारदर्शक प्राणी पार्श्वभूमीत विरघळून जातो, नुसती सावलीसारखी रेघ हलताना दिसते. आम्हाला वयाचे प्रयोग करायला सगळे वर्म एकाच वयाचे लागतात, त्यासाठी एल४ अवस्थेतले (मोठं होण्याआधीच्या शेवटच्या अवस्थेतले) उचलतात, आणि एल४ ओळखायची खूण म्हणजे पोटाच्या मध्यावर दिसणारा छोटा पांढरट अर्धचंद्र. दुधी काचेवर तो अर्धचंद्र शोधता शोधता मुलांचे डोळे दुखायला लागले. अंडं तर ५० मायक्रॉनच्या आसपासचं, त्याची कड दिसली पाहिजे.

याला उपाय आरसा. खाली फिरणारा आरसा असलेला बेस घेतला की प्रकाश तिरपा पाठवता येतो, वर्मच्या एका बाजूला उजेड एका बाजूला सावली पडते, आणि अचानक तो उठून दिसतो, आतली ग्रसनी (अन्न ओढणारा घसा), अंड्यांची रांग, अर्धचंद्र, सगळं. आरसा येईपर्यंत आम्ही दुधी काच काढून साधी काच टाकली आणि खालच्या प्रकाशाचा अर्धा भाग काळ्या कार्डशीटने झाकला, त्यानेही बराच फरक पडतो, ज्यांच्याकडे आधीच असं मशीन आहे त्यांनी आज करून बघा, काही खर्च नाही.

पण दिसणं हा अर्धाच प्रश्न. खरा प्रश्न उष्णतेचा. हॅलोजन चालू ठेवून थोड्या वेळाने काचेवर हात ठेवा, कोमट लागते. अगारची प्लेट तिथेच पडलेली असते. वर्म ठेवतात १६ ते २५ अंशांमध्ये, आणि १६ पेक्षा २५ वर तो साधारण दुप्पट वेगाने वाढतो, इतका तो तापमानाला हळवा. त्यातून आमचा एक स्ट्रेन (वर्मचा वाण) आहे सीएल४१७६, कोलोरॅडो विद्यापीठात क्रिस्टोफर लिंक यांच्या लॅबने बनवलेला, त्यात माणसाचं बीटा-अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरच्या मेंदूत ज्याचे गोळे होतात तोच तुकडा, वर्मच्या स्नायूंत बनतो, आणि तो बनवायचं बटण म्हणजे तापमान. १६ वर वाढवायचे, २५ वर हलवायचे, साधारण एका दिवसानंतर एकेक वर्म लुळा पडायला लागतो. औषधी वनस्पतीचा अर्क किंवा एखादं संयुग दिल्यावर लुळं पडणं किती लांबतं, हे तासातासाला मोजायचं. म्हणजे ज्या प्रयोगात तापमान हेच बटण आहे तो प्रयोग तुम्ही गरम काचेवर ठेवून मोजताय. ज्या प्लेटचं मोजणं जास्त वेळ चाललं ती जास्त तापली, मग आकड्यांचं काय घेऊन बसलात.

आणि हे फक्त त्या एका स्ट्रेनपुरतं नाही. या सगळ्या आजारांचा गाभाच हा आहे की प्रथिनं चुकीची घडी पडून गोळा होतात, आणि पेशी त्यांना सावरायला शॅपेरॉन प्रथिनं बनवते, न सुधारणारी प्रोटिअसोमकडे किंवा ऑटोफॅजीकडे, म्हणजे कचरा तोडणाऱ्या यंत्रणांकडे, पाठवते. ही शॅपेरॉन बनवायची यंत्रणा उष्णतेने जागी होते, म्हणून तर तिला हीट शॉक रिस्पॉन्स म्हणतात. नॉर्थवेस्टर्नच्या रिचर्ड मोरिमोटो यांच्या लॅबने २००८ मध्ये दाखवलं की वर्ममध्ये हा प्रतिसाद प्रत्येक पेशी आपापला ठरवत नाही, तापमान ओळखणारे एएफडी नावाचे दोन न्यूरॉन अख्ख्या शरीराच्या पेशींना तो लावतात. विचार करा, दोन न्यूरॉन. मला हे वाचल्यापासून प्लेट दिव्यावर ठेवताना प्रत्येक वेळी आठवतं. म्हणून पार्किन्सन, अल्झायमर, हंटिंग्टन, कशाचंही मॉडेल असो, ज्याला प्रथिनांच्या घडीचा अभ्यास करायचाय त्याने गरम बेस लॅबच्या दारात येऊ देऊ नये. पुण्यात एप्रिल-मे मध्ये पारा ४० ला टेकतो, एसी आधीच धापा टाकत असतो, त्यात हे आणखी नको.

आम्ही एलईडी आणि आरशाचा बेस नंतर मागवला, डीलरने आधी नाही नाही करत शेवटी जुना परत घेऊन फरकाच्या पैशात दिला. काच थंड राहते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, स्वस्त एलईडी मंद केला की डोळ्याला दिसत नाही पण तो लुकलुकत असतो, व्हिडिओत आडवे पट्टे येतात. पूर्ण उजेडावर ठेवून कागदाच्या फिल्टरने कमी करा. दोन, पांढऱ्या एलईडीत निळा भाग बराच असतो आणि वर्मला डोळे नसले तरी लाइट-१ नावाच्या ग्राहक प्रथिनामुळे निळा प्रकाश कळतो, तो पळायला बघतो, त्यामुळे वर्तन मोजताना उजेड शक्य तेवढा कमी.

वर्तन मोजणं हे माझ्या मते या मशीनचं खरं काम आहे, आणि त्यासाठी महागडा फ्लुरोसन्स (चमकणारी प्रथिनं बघायचा मायक्रोस्कोप) लागतच नाही, हे कोणीतरी आम्हाला आधी सांगायला हवं होतं. पोटभर खाल्लेला वर्म मोकळ्या अगारवरून बॅक्टेरियाच्या थरात शिरला की वेग कमी करतो. तो वेग कमी करायला डोपामिन लागतं. कॅट-२ म्युटंटमध्ये (ते जनुक बिघडलेल्या वर्ममध्ये) डोपामिन नीट बनत नाही तर तो तसाच सुसाट पुढे जातो. म्हणजे ७ पटीच्या स्टीरिओखाली, घड्याळ लावून, तुम्ही आठ न्यूरॉनची तब्येत विचारू शकता. तसंच हलका स्पर्श. भुवईचा केस टूथपिकला चिकटवायचा आणि वर्मच्या अंगाच्या पुढच्या भागाला अलगद लावायचा, चांगला वर्म मागे सरकतो, ज्याचे सहा स्पर्श-न्यूरॉन बिघडलेत तो ढिम्म. लुळं पडलेलं कसं ओळखायचं तर तारेने नाकाला टोचल्यावर फक्त डोकं हलतं, धड नाही, आणि डोक्याभोवती बॅक्टेरिया खाऊन झालेलं रिकामं वर्तुळ दिसतं कारण बाकीचं अंग जागचं हलत नाही. ते वर्तुळ तिरप्या प्रकाशात फार सुंदर दिसतं. वाईटही वाटतं, आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांना पार्किन्सन आहे, ती हे बघताना गप्प होते आणि मग दुप्पट काळजीने मोजते.

खाताना ग्रसनीची धडधड मिनिटाला अडीचशेच्या आसपास असते, डोळ्याने मोजणं फार अवघड, तिथे कॅमेरा. हे मॉडेल ट्रायनॉक्युलर आहे, म्हणजे दोन डोळ्यांशिवाय कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी, वर सी-माउंट (कॅमेरा बसवायची जागा), अर्ध्या पटीचा ऍडॉप्टर लावून साधा यूएसबी कॅमेरा बसतो, ४५ पटीवर घेतलेला व्हिडिओ हळू करून मोजता येतं. एम९ बफरच्या (क्षारांच्या पाण्याच्या) थेंबात पोहतानाचे हेलकावेही असेच. तक्रार एकच पण मोठी: कॅमेऱ्याची दांडी ओढली की डाव्या डोळ्याचा प्रकाश बंद होतो. एका डोळ्याने खोली कळत नाही, तार कुठे आहे कळत नाही, म्हणजे शूटिंग आणि वर्म उचलणं एकाच वेळी नाही जमत. थोडे पैसे जास्त टाकून दोन्ही डोळे आणि कॅमेरा एकदम चालणारं व्हर्जन मिळत असेल तर तेच घ्या, डेमोला दांडी ओढून स्वतः बघा.

याने काय होत नाही तेही स्पष्ट सांगते. गोळे दिसत नाहीत. एनएल५९०१ स्ट्रेनमध्ये माणसाचं अल्फा-सिन्युक्लिन, म्हणजे पार्किन्सनमध्ये गोळा होणारं प्रथिन, वायएफपीला (पिवळं चमकणारं प्रथिन) जोडून स्नायूंत घातलंय (वर्मला स्वतःचं अल्फा-सिन्युक्लिन नाहीच, म्हणून बाहेरून घालावं लागतं), एएम१४१ मध्ये ४० ग्लुटामिनची (एक अमिनो आम्ल) साखळी वायएफपीसकट. हंटिंग्टनमध्येही ही साखळी माणसात ४० च्या पुढे गेली की आजार ठरलेलाच, आणि वर्ममध्येही ३५ ते ४० च्या दरम्यानच गोळे व्हायला लागतात, वय वाढलं की आणखी, हे मला आजही थक्क करतं, एवढ्या लांबच्या दोन प्राण्यांत आकडा जवळपास तोच. पण हे चमकणारे ठिपके मोजायला फ्लुरोसन्स हवा. विकणारे लोक निळ्या एलईडी आणि पिवळ्या फिल्टरची ऍटॅचमेंट दाखवतात, स्नायूंतली भरपूर चमक ओळखून वर्म वेगळे काढायला ती ठीक, पण आठ न्यूरॉनच्या तारा तुटल्या का हे बघायला ४० पटीच्या ऑब्जेक्टिव्हचा कंपाउंड फ्लुरोसन्सच लागतो, नाहीतर कॉन्फोकल. रटगर्सच्या मोनिका ड्रिस्कॉल यांच्या लॅबने २०१७ मध्ये दाखवलेले एक्सोफर, म्हणजे म्हातारा होत चाललेला न्यूरॉन आपल्यातला प्रथिनांचा आणि बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियाचा कचरा एका मोठ्या फुग्यात भरून पेशीबाहेर टाकतो, ते बघायची माझी फार इच्छा आहे आणि ती या मशीनवर पुरी होणार नाही. पुण्यात त्याची सोय आहे, पाषाणला आयसर, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, या दोन संशोधन संस्था, ओळख काढून, पत्र लिहून, स्लॉट मागून काम करावं लागतं. माझा सल्ला, स्टीरिओवर वर्तन बघून संशय पक्का करा आणि नेमक्या त्याच प्लेटा घेऊन तिकडे जा, म्हणजे मिळालेला तास वाया जात नाही.

आणि मॉडेलच्या मर्यादाही विद्यार्थ्यांना बजावायला हव्यात, वर्ममध्ये मायलिन (न्यूरॉनच्या तारेवरचं आवरण) नाही, मायक्रोग्लिया (मेंदूतल्या प्रतिकारक पेशी) नाहीत, त्यामुळे मेंदूतल्या सूजेबद्दल इथे काही बोलू नका. न्यूरॉनच्या आतलं जे आहे, घडी, कचरा, मायटोकॉन्ड्रिया, ऍक्सॉनमधली (न्यूरॉनच्या लांब तारेतली) वाहतूक, ते मात्र इथे जिवंत दिसतं. वाहतुकीवर तर आपल्या शेजारी मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं काम चालू आहे, इच्छुक मुलांनी त्यांचे पेपर काढून वाचावेत.

देखभालीबद्दल पुणेकरांसाठी खास. जुलै-ऑगस्टमध्ये भिंगांना बुरशी धरते. रात्री नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर टाकलं तर आत दमटपणा कोंडतो, आम्ही हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून आयपीस त्यात ठेवतो आणि मायक्रोस्कोपचं डोकं कोरडं राहावं म्हणून कपाटात. बुरशी अगारच्या प्लेटांवरही येतेच पावसाळ्यात, तिचे तंतू तिरप्या प्रकाशात लवकर दिसतात, हा आरशाचा आणखी एक फायदा, वेळेत ब्लीच करून (ब्लीचने बुरशी आणि मोठे वर्म मरतात) अंडी वाचवता येतात. लाइट जाते येते त्यामुळे एलईडीचा ऍडॉप्टर यूपीएसवर. ऍडॉप्टर एकदा गेला, वॉरंटीत मिळाला, पण वाट बघायला लावली, म्हणून एक जादा घेऊन ठेवा, साधाच असतो.

ऑर्डर देताना कोटेशनवर हे शब्द लिहून घ्या: ट्रायनॉक्युलर, कामाचं अंतर १०० मिलिमीटर, फिरता आरसा, एलईडी, आणि साधी काच सुद्धा सोबत. डेमोला नाणं नको म्हणा, आपली वर्मची प्लेट घेऊन जा, डीलरला आवडत नाही पण नाही म्हणत नाहीत. पुण्यात कोणाला घ्यायच्या आधी हात फिरवून बघायचा असेल तर खाली कमेंट करा, शनिवारी दुपारी लॅब उघडी असते, कुठे यायचं ते तिथेच सांगते, येताना स्वतःची प्लेट आणलीत तर उत्तम.